वाचकांचे प्रश्न : चित्र भिंतीवर लागते तेव्हा

जानेवारी सरत आला की या सदराच्या पत्रपेटीत कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा ती इतकी आली आहेत की हा अंक त्यांच्यासाठीच द्यावा असे ठरवले. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये चित्रकला विषय घेऊन बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकणारे वीस विद्यार्थी आहोत. शहरातील एक सभागृह चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन आम्ही आमचे प्रदर्शन भरवणार आहोत. प्रत्येकाला किमान चार चित्रे लावायची आहेत, पण जागा पुरत नाही आणि कोणाची चित्रे कमी करायची यावरून वर्गात अबोला सुरू झाला आहे. निवड आणि मांडणी कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : अबोला मिटवण्याचे काम प्रथम मोजपट्टीवर सोपवा. सभागृहाच्या भिंतींची एकूण लांबी मोजा आणि तीतून दारे, खिडक्या, खांब, विजेची बटणे व आग विझवण्याची नळकांडी यांची जागा वजा करा. समजा १२० फुटांतून १०० फूट उरले, तर वीस जणांच्या वाट्याला प्रत्येकी पाच फूट येतात. अडीच फूट रुंदीच्या चित्राला दोन्ही बाजूंनी एकेक फूट मोकळी भिंत ठेवली की साडेचार फूट तिथेच संपतात. म्हणजे प्रत्येकी एक मोठे चित्र किंवा दोन लहान चित्रे, एवढेच त्या सभागृहाला झेपते. हा हिशेब कागदावर मांडून सगळ्यांसमोर ठेवलात तर चार चित्रांचा आग्रह आपोआप गळून पडेल. तेव्हा कोणीतरी दोन ओळींत, एकावर एक चित्रे लावण्याची युक्ती सुचवेल. एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनांत तशी पद्धत होती, आणि वरच्या ओळीत चित्र गेलेले चित्रकार तेव्हाही कुरकुरत असत. तुम्ही ती वाट धरू नका.

यानंतर निवडीचा प्रश्न येतो. स्वतःचे चित्र स्वतः निवडू नये, हे ऐकायला कठोर वाटले तरी माझे मत तेच आहे. प्रत्येकाने पाच-सहा कामे आणावीत, ती वर्गाच्या भिंतीला जमिनीवर टेकवून ठेवावीत, आणि एक प्राध्यापक, एक बाहेरचा चित्रकार व वर्गातील दोघे अशा चौघांनी निवड करावी. ज्या चित्रावर सर्वाधिक कष्ट पडले ते विद्यार्थ्याला सर्वांत चांगले वाटते, आणि पाहणाऱ्याला त्या कष्टांशी कर्तव्य नसते. आणखी एक गोष्ट नाशिककर म्हणून सांगतो. आपल्याकडच्या विद्यार्थी-प्रदर्शनांत रामकुंड, नारोशंकराचे देऊळ आणि सराफ बाजारातले जुने वाडे इतके असतात की तिसऱ्या भिंतीपाशी पाय ओले झाल्यासारखे वाटतात. शिवाजी तुपे यांनी जलरंगांत रंगवलेली नाशिकची निसर्गचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याच घाटाचे त्याच कोनातून केलेले चित्र दाखवताना काही नवे सांगावे लागते. घाट टाळा असे मी म्हणत नाही. पण एखाद्याने पावसाळाभर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर बसून पुराचे पाणी तिच्या घोट्याला, कमरेला आणि गळ्याला लागल्याची तीन लहान चित्रे केली असतील, तर ती तीनही एकत्र लावा आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणाचे सुबक पण एकटे रामकुंड बाजूला ठेवा.

चित्राची उंची डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर यावा, असा संकेत जगभरच्या अनेक कलादालनांत पाळला जातो. खिळा किंवा आकडा कुठे यावा हे काढण्यासाठी ५७ मध्ये चौकटीची निम्मी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर तिचा वरचा बिंदू चौकटीच्या वरच्या कडेपासून जितका खाली येतो तेवढे अंतर वजा करा. चौकट २४ इंच उंच आणि तार तीन इंच खाली असेल, तर आकडा ६६ इंचांवर येईल. हा हिशेब केल्यावर लहान-मोठी चित्रे एका ओळीत निवांत बसतात. कारण त्यांच्या वरच्या कडा समान नसल्या तरी मध्य एका रेषेत असतात. भाड्याच्या सभागृहात भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत. तिथे वरच्या गजावरून तंगूस किंवा साखळी सोडून चित्रे टांगावी लागतात. अशा वेळी प्रत्येक चित्र दोन ठिकाणी बांधा. एकाच ठिकाणी बांधलेले चित्र पंख्याच्या वाऱ्याने चार दिवसांत चार वेळा तिरके होते.

काचेच्या चौकटींवर ट्यूबलाइट चमकत असेल तर पाहणाऱ्याला चित्राऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. दिव्याची दिशा बदलता येत असेल तर तो छतावरून साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात चित्रावर पडेल असा वळवा. सभागृह पाहायला जाल तेव्हा दुपारी चारला जा, कारण पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन सकाळी लक्षात येत नाही. जलरंगांची चित्रे त्या भिंतीवर लावू नका. नेण्या-आणण्याविषयी एवढेच सांगतो की न वाळलेल्या तैलचित्राच्या रंगीत बाजूवर फुग्यांचे प्लास्टिक गुंडाळले तर त्या फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी बटर पेपर लावा. कोळशाच्या आणि खडूच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारल्याशिवाय ती वर्गाबाहेर काढू नका.

चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष एवढेच लिहा. आकार लिहिताना आधी उंची आणि मग रुंदी द्यायची असते. ‘जीवनाच्या अथांग प्रवाहातील एक क्षण’ अशा ओळी पट्टीवरून काढून टाका. चित्रात तो क्षण असेल तर दिसेल.

उद्घाटनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहितो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनाला गेलो असता, व्यासपीठामागे पाहुण्यांच्या छायाचित्रांचा फ्लेक्स लावण्यासाठी दोन विद्यार्थ्यांची चित्रे भिंतीवरून उतरवलेली मी पाहिली. भाषणे संपेपर्यंत ती खुर्च्यांच्या मागे भिंतीला तोंड करून उभी होती, आणि त्या दोघांचे आईवडील समोरच्या रांगेत बसले होते. तुमच्या सभागृहात फ्लेक्स दाराबाहेर लावा, समई चित्रांपासून दूर ठेवा आणि भाषणे पंधरा मिनिटांत आटोपतील असे पाहुण्यांना आधीच नम्रपणे कळवा. चारही दिवस दोन-दोन विद्यार्थी सभागृहात हजर राहतील अशी पाळी लावा, आणि अभिप्रायांची वही दाराशी नव्हे तर शेवटच्या चित्रापाशी ठेवा.

प्रश्न : स.न.वि.वि. माझा मुलगा कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे. कधी प्रदर्शन, कधी प्रात्यक्षिक, कधी शिबिर, कधी कलामेळा, असे काही ना काही सतत चालू असते. आम्ही शेतकरी माणसे, फी भरताना ओढाताण होते. या कार्यक्रमांत शिकवणे केव्हा होते, असा प्रश्न पडतो. हे सर्व आवश्यक आहे का?
— एक पालक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : आपल्याच गावातले उदाहरण देतो. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे असतानाच्या काळात, १८९२ मध्ये, अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. ते काम पाहून खूष झालेल्या एका रसिकाने त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तो काही केवळ त्या पदकामुळे नव्हे. पण वर्गात केलेली वस्तू अनोळखी माणसांसमोर ठेवण्याची सवय त्यांना विद्यार्थिदशेतच लागली होती, हे ध्यानात घ्यावे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मुलाबरोबर कधी त्या बाजूला गेलात तर ही गोष्ट त्याला अवश्य सांगा.

मोठ्या कलासंस्थांनी असे उपक्रम शिक्षणाचा भाग मानले आहेत. शांतिनिकेतनच्या कलाभवनात दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला, चित्रकार नंदलाल बोस यांच्या जन्मदिनाच्या आदल्या दोन दिवशी, नंदन मेळा भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी केलेल्या वस्तू तिथे परवडणाऱ्या किमतीत विकल्या जातात आणि पैसा विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जातो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेने १९६१ मध्ये कलामेळा सुरू केला. तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांसोबत बसून खेळणी करत. कॅनव्हासवर अडखळणारा हात लाकडाच्या खेळण्यात मोकळा होतो, हे त्या शिक्षकांना ठाऊक होते.

आता तुमच्या शंकेची दुसरी बाजू. ती मला पूर्णपणे मान्य आहे. विद्यार्थ्यांना सतरंज्या अंथरायला, रांगोळ्या काढायला आणि पाहुण्यांच्या गाडीपाशी पुष्पगुच्छ घेऊन उभे राहायला लावणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे. कोणता कार्यक्रम कामाचा आणि कोणता दिखाऊ, हे ओळखण्यासाठी मुलाला एक-दोन प्रश्न विचारा. व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक झाले असेल, तर पाहुणे चित्रकार गेल्यावर दुसऱ्या दिवशी तेच मॉडेल बसवून विद्यार्थ्यांनी स्वतः काम केले का, ते विचारा. दोन तासांत हुबेहूब चेहरा उभा राहताना पाहण्यात मौज असते, टाळ्याही पडतात, परंतु त्या टाळ्यांतून विद्यार्थ्याच्या हातात काहीच येत नाही. उलट, तेवढ्या वेगाने आपल्याला जमत नाही म्हणून पोरे खचलेली मी पाहिली आहेत. पाहुण्याने मध्येच थांबून, ‘इथे माझी चूक झाली, गालाचा उंचवटा वर गेला, आता तो खरवडतो’, असे सांगितले असेल तर ते प्रात्यक्षिक लाखमोलाचे. प्रदर्शनाच्या बाबतीत, विद्यार्थ्याच्या चित्रासमोर उभे राहून शिक्षकांनी सर्वांच्या देखत चर्चा केली का, हे विचारावे. आपले काम सहा फुटांवरून, दुसऱ्याच्या कामाशेजारी, अनोळखी उजेडात पाहणे हा अनुभव वर्गातल्या ईझलपाशी मिळत नाही. कितीतरी मुलांना रंग मळकट झाल्याचे तेव्हाच प्रथम कळते. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर फी वाया जात नाही असे समजावे.

राज्याच्या कला संचालनालयातर्फे जे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरते, त्यात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. त्याच्या तारखा आणि अटी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागतात. दुसऱ्या वर्षापासूनच तिथे काम पाठवण्याची सवय मुलाला लागू द्या. काम परत आले तरी बिघडत नाही.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालो आहे. एका कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनात चौकटीतल्या एका छापील चित्राखाली पेन्सिलीने ‘३/१५’ असे लिहिलेले दिसले आणि किंमत दोन हजार रुपये होती. छापलेले चित्र मूळ कसे मानायचे, आणि पंधरा प्रती निघाल्यावर इतकी किंमत का?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : हा प्रश्न छापखान्यातल्या माणसाने विचारावा याचा मला आनंद वाटला, कारण उत्तर तुमच्या हातांना आधीच माहीत आहे. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि नोटेवरची जी शाई बोटाला उंचवट्यासारखी लागते ती कोरीव प्लेटच्या खाचांत भरलेली शाई प्रचंड दाबाने कागदावर उचलल्यामुळे लागते. विद्यार्थ्याने केलेले एचिंग त्याच कुळातले आहे. तो जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतो, त्यावर सुईने रेखाटतो, आम्लात बुडवून रेषा खोल करून घेतो, शाई भरतो, वरवरची पुसतो आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या यंत्रातून फिरवतो. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने भरावी आणि नव्याने पुसावी लागते. त्यामुळे एक प्रत दुसरीहून किंचित वेगळी निघते. कागदावरचे चित्र कशावरून तरी उतरवलेली नक्कल नसते. पत्रा हे साधन आणि प्रत हेच चित्र, म्हणून ते मूळ.

३/१५ म्हणजे एकूण पंधरा प्रतींच्या आवृत्तीतली ही तिसरी प्रत. आवृत्ती पूर्ण झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करण्याची रीत आहे, म्हणजे सोळावी प्रत निघू नये. काही प्रतींखाली ‘ए.पी.’ लिहिलेले दिसेल. त्या चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती असतात आणि त्या मोजक्याच असाव्यात. मात्र सावध राहा. तैलचित्राचे छायाचित्र काढून संगणकाच्या प्रिंटरवर छापलेल्या कागदाखालीही हल्ली असेच आकडे लिहिलेले आढळतात. जवळ जाऊन पाहा. कागदावर पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन बोटाला आणि डोळ्याला जाणवला तर ते एचिंग. लिनोलियमवर किंवा लाकडावर कोरून छापलेले लिनोकट किंवा वुडकट असेल तर असा चौकोन नसतो, पण शाईचा थर स्पष्ट दिसतो.

प्रश्न : वर्गाच्या प्रदर्शनात माझे गोदाघाटाचे चित्र एका गृहस्थांनी विकत घेतले. आता ते त्यांच्या दुकानाच्या दिनदर्शिकेवर छापणार आहेत असे कळले. मी त्यांना अडवू शकतो का? आणि विद्यार्थ्याने चित्राची किंमत किती सांगावी?
— एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : होय, अडवू शकता. चित्र विकले म्हणजे तो कागद किंवा कॅनव्हास विकला. ते छापण्याचा हक्क त्यासोबत आपोआप जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा पहिला हक्क चित्रकाराचा असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार व सही लागते. तोंडी ‘छापा की’ म्हटल्याने हक्क हस्तांतरित होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच, असे कायदा मानतो. त्या गृहस्थांच्या मनात वाईट हेतू असेलच असे नाही. बहुतेकांना हा फरक ठाऊकच नसतो. म्हणून आधी भेटा, एका वर्षाच्या दिनदर्शिकेपुरती परवानगी लेखी द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या आणि पानावर तुमचे नाव छापण्याची अट घाला.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कोणी पैसे देऊन, ‘माझ्या आजोबांचे व्यक्तिचित्र काढून दे’, असे सांगून ते करून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना त्या चित्राचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. तुमचे घाटाचे चित्र वर्गात, स्वतःच्या मर्जीने केलेले असल्याने हा अपवाद तुम्हाला लागू होत नाही. प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या नियमावलीवर सही केली असेल, तर विद्यार्थ्यांच्या कामाविषयी तीत काय लिहिले आहे ते मात्र वाचून घ्या.

किमतीचे सूत्र नाही. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), चौकट आणि रंग यांचा खर्च निघालाच पाहिजे. त्याच्या खाली जाऊन भिडेखातर चित्र देऊ नका. प्रदर्शनात एक किंमत आणि मागाहून घरी येणाऱ्याला निम्मी, असे केलेत तर विक्रीची लाल टिकली लागलेले चित्र घेणाऱ्या माणसाची तुम्ही फसवणूक करता. पुढे व्यावसायिक कलादालनांशी संबंध येईल तेव्हा किमतीचा तिसरा ते निम्मा हिस्सा दालनाकडे जातो, हेही आजच माहीत असू द्या.

प्रश्न : निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे. कुसुमाग्रज स्मारकात व्याख्यानांना जातो, तेव्हा शेजारी चित्रांचे प्रदर्शन चालू असते. पण चित्रातले काही कळत नाही म्हणून आत पाय टाकायला संकोच वाटतो. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला आमच्यासारख्यांनी जावे का?
— एक निवृत्त शिक्षक, सिडको

उत्तर : अवश्य जावे, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दुपारी जा. सभागृह रिकामे असते आणि पाळीवर बसलेला विद्यार्थी बोलायला उत्सुक असतो. अशा प्रदर्शनांना सहसा तिकीट नसते. आधी पट्ट्या न वाचता एक फेरी मारा. मग ज्या चित्रापाशी पाय पुन्हा वळतील तिथे थांबा आणि पट्टी वाचा. ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाने विद्यार्थी गांगरतो आणि पाठ केलेले काहीतरी सांगतो. त्याऐवजी, हे कशावर रंगवले, पहिल्यांदा कोणता रंग लावला, कुठे अडलात, असे विचारा. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. खाडाखोडीत काय दडलेले असते ते तुम्हाला कोणी शिकवायला नको. जमिनीवर तारा, गोणपाट आणि विटा मांडलेल्या दिसल्या तर ते मांडणशिल्प, म्हणजे वस्तू मांडून केलेली कलाकृती, असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यावर पिशवी टेकवू नका.

बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत ‘छान, शुभेच्छा’ असे लिहिण्याचा मोह आवरा. कोणत्या चित्रापाशी तुम्ही परत गेलात आणि कोणते नजरेतून सुटले, तेवढे दोन ओळींत लिहा. शेवटच्या संध्याकाळी चित्रे उतरवून झाली की मुले जमिनीवर बसून ती वही मोठ्याने वाचतात.